सायकल मोडीत कधी निघते?

सायकल किती वर्षांनी बदलावी, हा प्रश्न पुण्यात एखाद्या डोंगरी सायकलस्वाराला विचारला तर तो ‘तीन-चार वर्षांनी’ असे सहज सांगून जातो. तोच प्रश्न नरसी नामदेवला दुरुस्तीच्या दुकानात विचारला तर प्रश्नच कळत नाही. तिथल्या चाचांनी मला उलट विचारले, “तिला कोण बदलतंय सर? तिचं सामान बदलतंय.” या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे, त्याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख लिहायला घेतला.

नरसी हे हिंगोली जिल्ह्यातले कयाधूकाठचे गाव. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहे. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. कापड कुठवर शिवायचे, कुठे ठिगळ लावायचे आणि कधी ते पोतेऱ्याला द्यायचे, हा निर्णय या व्यवसायात रोजचा. वस्तू संपली असे केव्हा म्हणायचे, या प्रश्नाची चर्चा करायला म्हणूनच मला हे गाव अनाठायी वाटत नाही. मी या भागात शिक्षक म्हणून नोकरी केली. शाळेच्या कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या सायकली सत्तावीस वर्षे पाहिल्या. दुसरीकडे माझा भाचा पुण्यात असतो आणि रविवारी टेकड्यांवर सायकल चालवतो. दहा वर्षांत त्याने तीन सायकली बदलल्या. त्या तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी गेल्या, आणि ती तीन कारणे समजली की बराचसा विषय उलगडतो.

पहिले कारण : झीज

पहिली सायकल झिजून गेली. निदान तो तसे म्हणतो. सायकलीत सर्वांत आधी झिजते ती चेन. चेन ‘लांबते’ असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नसते. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची खोबण घासत जाते. अशा शंभरावर कड्यांची बारीक बारीक घट एकत्र झाली की चेन ढिली दिसू लागते. ती मोजायला महागडे उपकरण लागत नाही. नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर बारा इंच भरतात. तेच अंतर बारा इंच आणि वर इंचाचा सोळावा भाग इतके झाले की चेन बदलावी. आठवा भाग झाला तर उशीर झाला असे समजावे, कारण लांबलेली चेन दातांवर नीट बसत नाही आणि दातेही खाऊन टाकते. मग नवी चेन जुन्या दातांवरून घसरते. चेनबरोबर मागचा दात्यांचा संच आणि पुढचे चक्रही बदलावे लागते.

इथे गावच्या काळ्या सायकलीचा आणि डोंगरी सायकलीचा रस्ता वेगळा होतो. काळ्या सायकलीला मागे एकच फ्रीव्हील, पुढे एकच चक्र. चेन रुंद, दाते जाड, आणि चेन सरळ रेषेत धावते. ती धुळीत, चिखलात, तेलाशिवायही वर्षानुवर्षे चालते. डोंगरी सायकलीला मागे दहा, अकरा, बारा दाते-चक्रे एकमेकांना चिकटून बसवलेली. तेवढ्याच जागेत ती मावावीत म्हणून चेन अरुंद आणि दाते पातळ केलेले. शिवाय चेन बहुतेक वेळ तिरकी धावते. चढ सोपा होतो, त्याची किंमत झिजेत द्यावी लागते. पुढच्या दांड्यांतल्या धक्काशोषकाचे तसेच. काही उत्पादक दर ५० तासांनी त्याचे तेल बदलायला सांगतात, काही १२५ तासांनी. दर रविवारी चार तास चालवणाऱ्याला ५० तास म्हणजे तीन महिने. हे वेळापत्रक पाळणारा स्वार विरळा. दोन पावसाळे तसेच काढले की आतल्या नळ्यांवर ओरखडे पडतात, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नव्या सायकलीच्या किमती पाहू लागतो.

सांगाड्याची गोष्ट आणखी वेगळी. पोलादाला ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के कितीही वेळा बसले तरी थकवा येत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. त्यात लहान धक्काही कुठेतरी जमा होत राहतो. म्हणून ॲल्युमिनियमचा सांगाडा पुरेसा जाड आणि कडक करतात. तो वर्षानुवर्षे टिकतोही. पण उड्या मारणाऱ्याच्या सायकलीत एक दिवस वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसते, आणि ती भरून काढणे सहसा शहाणपणाचे नसते. गावातल्या सायकलीचा पोलादी सांगाडा मोडला तर चाचा तो वेल्डिंगवाल्याकडे पाठवतात. जोडावर गाठ राहते, रंग जळतो, सायकल चालते. अनेक परदेशी कंपन्या सांगाड्याला आजन्म हमी देतात, पण ती फक्त पहिल्या मालकाला. कागदावर सायकलीचे आयुष्य माणसाला बांधलेले असते. आपल्याकडे ते बापाकडून लेकाकडे जाते.

झीज हे कारण खरे आहे, पण ते पुरे पडत नाही. भाच्याच्या पहिल्या सायकलीचे झिजलेले सगळे भाग मिळून नव्या सायकलीच्या किमतीच्या निम्मेही झाले नसते. तो स्वतःच हे कबूल करतो. “मामा, दुरुस्ती करून तीच जुनी हातात येणार, मग कशाला?” असे त्याचे म्हणणे.

दुसरे कारण : माप

दुसरी सायकल धडधाकट होती. तिला टायर मिळेना. तिची चाके सव्वीस इंची होती, आणि चांगल्या प्रतीचे सव्वीस इंची डोंगरी टायर बाजारातून जवळजवळ उठले होते.

डोंगरी सायकलीचा जन्म झाला तोच सव्वीस इंची चाकांवर, आणि तो जन्म जुन्या सायकलींमधून झाला. कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या, वजनदार श्विन सायकली भंगारातून आणत, त्यावरचे मडगार्ड आणि साजशृंगार काढून टाकत आणि डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यांनी खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशाच एका उतारावर शर्यत घेतली. तिचे नाव ‘रीपॅक’. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे, पॅडल उलटे दाबले की तो लागे. एवढ्या उतारावर तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि दर फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणून रीपॅक. आज वर्षाला नवे मॉडेल काढणाऱ्या या खेळाचे मूळ नाव असे दुरुस्तीवरून पडलेले आहे. पुढे जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी सांगाडा बनवला, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांचे सांगाडे घेऊन १९७९ मध्ये विक्री सुरू केली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली डोंगरी सायकल आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

तीस वर्षे सव्वीस इंच हे माप टिकले. मग एकोणतीस इंची चाके आली, ती दगडावरून सहज चढतात म्हणून. मग साडेसत्तावीस इंची आली, मधला मार्ग म्हणून. २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी सव्वीस इंची मॉडेले झपाट्याने बंद केली. त्याच काळात मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटरवरून १४२ वर आणि मग १४८ वर गेली. हँडलखालची नळी सरळ होती ती खाली रुंद, वर अरुंद झाली. यातला प्रत्येक बदल काहीतरी सुधारणा घेऊन आला हे खरे. पण प्रत्येक बदलाने आदल्या सायकलीचे एकेक दार बंद केले. जुन्या सांगाड्याला नवे चाक बसत नाही, नव्या चाकाला जुना दांडा चालत नाही. एक भाग मिळाला नाही म्हणून अख्खी सायकल निकामी ठरते.

आता नरसीच्या बाजारात या. चाचांच्या दुकानात खिळ्याला लटकलेले टायर आहेत अठ्ठावीस गुणिले दीडचे. हेच माप माझ्या वडिलांच्या सायकलीला होते. सुरक्षित सायकलीचा जो आकार इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने रूढ केला आणि १८८८ मध्ये डनलॉप यांच्या हवेच्या टायरने ज्याला गती दिली, तोच आकार विसाव्या शतकात आपल्याकडे आला. मद्रासच्या टीआय सायकल्सने १९४९ मध्ये, सोनिपतच्या ॲटलसने १९५१ मध्ये आणि लुधियानाच्या हीरोने १९५६ मध्ये तोच उचलला. कंपन्या वेगळ्या, पण रिम, टायर, चेन, कॉटर पिन, बेअरिंगचे छर्रे यांची मापे तीच. एकीची फ्रीव्हील दुसरीला बसते. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण गावातली एकही ॲटलस त्यामुळे बंद पडली नाही. कंपनी गेली तरी माप उरले होते.

यात एक गंमत आहे. टायर ज्या कडेवर बसतो त्या रिमचा व्यास पाहिला तर नव्या ‘एकोणतीस इंची’ डोंगरी सायकलीचा भरतो ६२२ मिलिमीटर, आणि आपल्या जुन्या ‘अठ्ठावीस इंची’ सायकलीचा ६३५. मोठ्या चाकाचा शोध म्हणून जे शहरात विकले जाते, त्याहून मोठी रिम आमच्याकडे दूधवाल्याच्या सायकलीला होती.

तरीही काळी सायकल डोंगरात चालते असे मी म्हणणार नाही. आमच्या काळ्या मातीतही ती पावसाळ्यात हरते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका घट्ट बसतो की चाक जागीच थांबते आणि स्वार सायकल खांद्यावर घेऊन निघतो. म्हणून कित्येक शेतकरी मडगार्डच काढून टाकत. उन्हाळ्यात वेड्या बाभळीचा काटा. शहरातल्या स्वाराने त्यावर ट्यूबच काढून टाकून टायरमध्ये काटा भरून काढणारे द्रव ओतले आहे. चाचा ट्यूबवर कानस घासतात, सोल्यूशन लावतात, फुंकर मारतात आणि ठिगळ दाबतात. एका ट्यूबवर किती ठिगळे चालतात असे मी विचारले, तर म्हणाले, “ठिगळावर ठिगळ आलं की मग सांगतो, आता नवी घ्या.”

तिसरे कारण : मन

भाच्याची तिसरी सायकल झिजली नव्हती, तिचे सामानही मिळत होते. तिच्यापेक्षा चांगली निघाली, एवढेच झाले. नव्या सायकलीची पुढची नळी अधिक कललेली, सांगाडा लांब, उतारावर ती स्थिर राहते. गटातल्या दोघांनी ती घेतली, आणि उतारावर हा मागे पडू लागला. मागे पडणे सायकलीमुळे की पायांमुळे, हा तपास कोणी करत नाही.

दरवर्षी नवे मॉडेल काढून जुने जुनाट वाटायला लावण्याची युक्ती मोटारींच्या नावावर खपते, पण तिचा सराव आधी सायकलीवर झाला. अमेरिकेत १८९० च्या दशकात सायकलीची लाट आली तेव्हा कारखानदार दर हंगामाला नवे मॉडेल जाहीर करत. मोटार कंपन्यांनी ही रीत पक्की केली ती १९२० च्या दशकात.

इच्छा एकटी येत नाही, हेही लक्षात घ्यावे. फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यांनी अठराव्या शतकात आपल्या जुन्या घरगुती झग्यावर एक निबंध लिहिला. त्यांना नवा उंची झगा मिळाला, आणि त्याच्या शेजारी जुनी खुर्ची, जुने टेबल, जुनी चित्रे विशोभित दिसू लागली. एकेक करून सगळे बदलले, आणि शेवटी ते जुन्या झग्यासाठी हळहळले. ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असे नाव दिले. नव्या सायकलीला शोभेल असे शिरस्त्राण, बूट, गाडीवरचा सायकल-स्टँड हे सारे भाच्याच्या घरी याच क्रमाने आले. मी त्याला दोष देत नाही. तो दारू पीत नाही, पहाटे उठतो, टेकडीवर जातो. सायकल बदलण्याचा आनंद हा त्याच्या छंदाचाच भाग आहे. शिवाय त्याच्या जुन्या तिन्ही सायकली विकल्या गेल्या आणि कोणीतरी त्या चालवतो आहे. एकाची बदललेली सायकल ही दुसऱ्याची पहिली सायकल असते. सायकल बदलणे आणि सायकल संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शहरातही खरे आहे.

गावात सायकलीच्या जागी काय आले?

म्हणजे नरसीत सायकल अमर आहे काय? तसेही नाही. गावात सायकलीची जागा नव्या सायकलीने घेतली नाही, ती मोटारसायकलने घेतली. यातला योगायोग पाहण्यासारखा आहे. लुधियानाच्या ज्या मुंजाल बंधूंनी हीरो सायकल घरोघर नेली, १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेसच्या पुस्तकात नाव मिळवले, त्यांच्याच घराण्याने १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि पुढच्या वर्षी सीडी १०० बाजारात आणली. एकेकाळी जावयाला लग्नात सायकल, घड्याळ आणि रेडिओ देत. पुढे त्या यादीतली सायकल गेली आणि मोटारसायकल आली. चालणारी सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. टायर उन्हाने तडकले, चेनला गंज चढला, आणि भंगारवाल्याने ती किलोवर नेली. ती झिजली नव्हती, तिचे मापही बाद झाले नव्हते. ती कमीपणाची ठरली, आणि हे कारण पुण्यातल्या तिसऱ्या कारणाचेच गावाकडचे रूप आहे.

पण कमीपणाचा हा हिशेब ज्यांच्याजवळ दुसरे वाहन आहे त्यांचा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. आज आमच्या भागात सकाळी दहाच्या सुमारास रस्त्यावर ज्या सायकली दिसतात, त्यांतल्या बहुसंख्य मुलींच्या आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. ते २०२२ मध्ये ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. या वर्षांत ते एकदाच मिळते.

सायकलीने काय होते, याचा चांगला पुरावा बिहारमध्ये आहे. तिथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. शाळा जितकी दूर, तितका हा लाभ मोठा होता.

आता या सायकलीला आपले तीन प्रश्न लावून पाहा. मनाचा प्रश्न इथे नाही, मुलीला दुसरी मिळणारच नाही. उरतात झीज आणि माप. पाच हजारांत येणारी सायकल बहुधा जाड टायरची, ‘रेंजर’ धर्तीची किंवा साधी लेडीज. दिसायला डोंगरी, पण ब्रेकची रबरे, पॅडल, स्पोक हलक्या प्रतीचे. दीड-दोन वर्षांत पहिले मोठे काम निघते. चाकाचा आउट काढणे, चेन बदलणे, टायर-ट्यूब. खर्च काही शेकड्यांत. पण हा खर्च कोणत्याही योजनेत नाही, आणि घरी तो मजुरीच्या आठवड्याशी बांधलेला असतो. माझ्या वर्गात सलग चार-पाच दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीला कारण विचारले की तीनदा तरी उत्तर आले, ‘सायकल बसली सर.’ सोयाबीनच्या काढणीत बापाला सवड नाही, दुकान दुसऱ्या गावाला. चार दिवसांचे आठ होतात, आणि आठ दिवस घरी राहिलेल्या मुलीला घरात काम सापडते. नववीतली एक मुलगी अशीच जी थांबली ती आलीच नाही. सायकलीचे मागचे फ्रीव्हील घसरत होते. दोन-तीनशे रुपयांचे काम.

म्हणून सायकल किती वर्षांनी बदलावी, याचे माझे उत्तर वर्षांत नाही. ज्या सायकलीचे माप सर्वांच्या मापाशी जुळते, जिचे सामान तालुक्याच्या बाजारात मिळते, आणि जिला हात लावणारा माणूस चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे, ती बदलावी लागत नाही. यातले एक जरी निसटले तरी नवी कोरी सायकलही मोडीत निघते. दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली. तिच्यासमोर शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या होत्या. सायकलीचे नाव त्यात असावे असे कोणाला सुचले नसावे, इतकी ती साधी वस्तू आहे.

पण साध्या वस्तूची व्यवस्थाही साधीच असते. ज्या शाळेत पन्नास मुली सायकलीने येतात तिथे एक हवेचा पंप, पान्यांचा संच, सोल्यूशनची डबी, दोन-चार ट्यूब आणि महिन्यातून एकदा येणारा दुरुस्तीवाला एवढे पुरते. मुलींना पंक्चर काढायला शिकवायला दोन तास लागतात. चाचांना मी विचारले होते. ते म्हणाले, “बोलवा की. शिकवतो. पण मग माझ्याकडं कोण येणार?” आणि हसत पुढच्या ट्यूबवर कानस घासू लागले. पुढच्याच आठवड्यात मी शाळेच्या मुख्याध्यापकांना पान्यांची यादी दिली.